कुरणे अण्णा क्लिअरिंग एजंट आहेत, तसेच छापावे

रविवार, नऊ नोव्हेंबर, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बेंगळुरूत सर्जापूर रोडवर आमच्या मराठी मंडळाचे सचिव श्री. अमोल राहतात. त्यांच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये गौरव समितीची बैठक चालू होती. श्री. दत्तात्रय मल्लाप्पा कुरणे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली ‘ज्येष्ठ उद्योजक व लॉजिस्टिक्स सल्लागार’ असे छापावे, हा ठराव त्या वेळी पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक मत माझे होते.

कुरणे अण्णा उद्योजक नाहीत आणि सल्लागारही नाहीत. ते क्लिअरिंग एजंट आहेत. परदेशातून आलेला माल कस्टम्समध्ये अडतो, तेव्हा त्याची कागदपत्रे ते तयार करतात, शुल्क किती बसेल आणि का बसेल हे मालकाला समजावतात, आणि माल सोडवून आणतात. निपाणीहून बेंगळुरूला आल्यापासून त्यांनी दुसरे काही केलेले नाही. हा धंदा नीट करायला एक आयुष्य पुरत नाही, म्हणून त्यांनी निवृत्तीही घेतलेली नाही.

“काकू, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे,” अमोल मला म्हणाले, “पण कस्टम्सचा एजंट म्हटलं की लोकांच्या डोक्यात आधी काय येतं? टेबलाखालचा हात. मोठे पाहुणे येणार, फोटो जाणार. जरा डिग्निफाइड नको का?”

“लोकांची डोकी लोकांनी धुवावीत,” मी म्हणाले. “त्यासाठी अण्णांचा धंदा का पुसता?”

“अहो, अण्णांनाच विचारलं ना आम्ही. ते म्हणाले, सरी, चालेल, तुम्हाला बरं वाटेल ते घाला.”

अण्णा स्वतःबद्दल दुसरे काय म्हणणार? हा संकोच आहे, त्याला संमती समजू नये. म्हणून त्यांच्या वतीने नव्हे, माझ्या वतीने मी हे लिहीत आहे. ग्रंथातला लेख हाच आहे. समितीने तो छापण्याआधी वाचावा.

अण्णांशी माझी पहिली भेट मी भांडायला गेले होते तेव्हा झाली. तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग पडला. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला पान दिसेनासे होणे म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. जर्मनीतल्या माझ्या भाच्याने मला एक यंत्र पाठवले. खाली पुस्तक ठेवायचे, वर कॅमेरा, समोर पडद्यावर बोटभर उंच अक्षरे. भाचा प्रेमळ आहे, आणि नको तिथे हुशार. खोक्यावर त्याने लिहिले, ‘भेटवस्तू, जुना मॉनिटर’, आणि किंमत लिहिली खऱ्या किमतीचा दहावा हिस्सा. खोके बेंगळुरूला येऊन अडकले. कुरिअरवाल्यांचे पत्र आले. शुल्क, हाताळणी, शिवाय गोदामात पडून राहण्याचे रोजचे भाडे. ते पत्र घेऊन मी हेब्बाळला, एका टायरच्या दुकानावरच्या अण्णांच्या ऑफिसात धापा टाकत पोचले.

“बसा अक्का. पाणी घ्या,” अण्णा म्हणाले. “डब्यात काय आहे?”

“भेट आहे.”

“ते कुणी कुणाला दिलं ते झालं. आता भेटीलाही माफी नाही. डब्यात काय आहे?”

“मॉनिटर.”

“तुम्हाला मॉनिटर कशाला?”

मग मी खरे सांगितले. अण्णांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिले.

“भाच्यानं दोन गोष्टी खोट्या लिहिल्यात. एक तुमच्या फायद्याची, एक तोट्याची. दोन्ही काढू.”

किंमत खोटी, ती फायद्याची. ‘मॉनिटर’ खोटे, ते तोट्याचे. कारण मॉनिटरवर पुरते शुल्क, आणि कमी दिसणाऱ्यांच्या साधनाला कायद्यानेच सवलत. मी म्हटले, मग सवलत तेवढी घ्या, किमतीचे राहू द्या. अण्णांनी मान हलवली. “दंड बसेल, स्वल्प बसेल. पण खोट्या बिलावर खरी सवलत मागायला मी जाणार नाही.”

त्यावर मी त्यांना जे बोलले ते गौरवग्रंथात छापण्याजोगे नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी ऐकले असते तर माझे तोंड साबणाने धुतले असते. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि भाच्याचा फोन नंबर मागितला.

भाच्याकडून खरे बिल आले. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला अण्णांनी दोनदा बदलून आणायला लावला, कारण पहिल्यात यंत्राचे नाव नव्हते आणि दुसऱ्यात माझे चुकले होते. ते स्वतः तीन वेळा विमानतळाच्या कार्गो विभागात गेले. गोदामाच्या भाड्यात कुरिअरवाल्यांनी आपले पत्र निघण्याआधीचे दिवसही धरले होते. ते दिवस अण्णांनी बोट ठेवून वगळायला लावले. दंड भरला. सवलत मिळाली. एक अधिकारी मला म्हणाले, “कुरणेंचा कागद असला की डबा उघडताना आम्हाला उत्सुकता राहत नाही, मॅडम. लिहिलेलंच निघतं.” याहून मोठे मानपत्र आमच्या समितीला लिहिता येईल असे मला वाटत नाही.

आपली ठरलेली फी अण्णांनी घेतली आणि पावती दिली. काम फुकट केले असते तर मी ते घेतले नसते, हे त्यांनी ओळखले होते. मात्र यंत्र घरी आले त्या दिवशी ते एचएसआर लेआउटपर्यंत रिक्षाने आले, त्यांनी ते टेबलावर नीट मांडले आणि कॅमेऱ्याखाली कस्टम्सचाच कागद ठेवला. “सही तुमची आहे अक्का. आता वाचून घ्या.” पाच महिन्यांनंतर मी वाचलेले पहिले पान ते. वस्तूचे वर्णन, मूल्य, भाडे, विमा, शुल्क, दंड. ओळ अन् ओळ मी वाचली. अण्णा तोवर खिडकीबाहेर बघत उभे राहिले, बराच वेळ.

त्या कागदाने मला एक प्रश्न पडला आणि त्यातून मंडळाचा शनिवारचा वर्ग सुरू झाला. मी विचारले होते, शुल्क यंत्रावर, मग विमानाच्या भाड्यावर का? आज तो वर्ग भरतो तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या कमी पडतात. साच्यांपासून मण्यांपर्यंत काहीबाही मागवून घरातून धंदा करणाऱ्या मुली येतात, नवी कंपनी काढलेली मुले येतात. परदेशी दुकानातली किंमत बघून हिशेब मांडलेला असतो आणि माल आला की डोळे पांढरे होतात. अण्णा त्यांना कुंद्याचे, बेळगावच्या मिठाईचे, उदाहरण देतात.

“बेळगावात कुंदा घेतला, एक भाव. बसचं भाडं दिलं. सांडला तर म्हणून विमा काढला. इथं मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर उतरला तेव्हा त्याची किंमत किती? तिन्ही मिळून. सरकार शुल्क बसवतं ते दुकानातल्या कुंद्यावर नाही, मॅजेस्टिकला उतरलेल्या कुंद्यावर. आणि त्या शुल्कासकट जी बेरीज होते, तिच्यावर पुन्हा कर.”

“म्हणजे टॅक्सवर टॅक्स?” एका मुलीने विचारले.

“हां. रागवा, पण आधी रागवा. ऑर्डर दिल्यावर रागावून उपयोग नाही.”

तिने मागवलेल्या खोक्याला त्यांनी शिंप्याची टेप लावून दाखवली. वजन किलोभर, आकार ट्रंकेएवढा. विमानवाले वजन आणि आकार यांतले जे जास्त भरेल त्याचे भाडे घेतात. “यात निम्मी हवा आहे. तिचंही तिकीट तुम्ही काढलंय.” पुढच्या खेपेला तिने छोट्या खोक्यात माल मागवला आणि खोकेच वर्गात आणून सगळ्यांना दाखवले.

अमोल यांनाही हे ठाऊक आहे. ते सिंगापूरहून घरसामानासह परतले तेव्हा अण्णांना म्हणाले होते, “‘घरगुती सामान’ एवढंच लिहून जमणार नाही का?” अण्णा म्हणाले, “जमेल. घरात काय आहे ते तुम्हालाच माहीत नसेल तर जमेल.” मग दोघांनी जमिनीवर बसून यादी केली. सामान विनातक्रार सुटले. त्या यादीत राइस कुकर हा राइस कुकर म्हणूनच लिहिला गेला, ‘ज्येष्ठ पाकतज्ज्ञ’ म्हणून नव्हे.

वस्तू जी आहे तीच कागदावर लिहायची, यासाठी या माणसाने गिऱ्हाइके गमावली आहेत. वर्णन जरा बदला म्हणणारे मोठे व्यापारी त्यांनी जिन्यावरून परत पाठवले. अण्णांच्या पत्नी सुमित्रावहिनींनी मला सांगितले आहे, की एका वर्षी मुलीचे लग्न तोंडावर असताना अण्णांनी असे सर्वांत मोठे काम सोडले, आणि लग्न हॉलऐवजी गच्चीवर झाले. “जेवण मात्र सगळ्यांना पुरलं,” एवढीच वहिनींची तक्रार. अशा माणसाचे वर्णन त्यांच्याच ग्रंथावर आपण बदलणार, आणि कारण काय, तर खरे वर्णन हलके वाटते. मला ते हलके वाटत नाही. मला त्याचा अभिमान आहे. या शहरात मराठी माणसाने हे काम असे केले, हे आपल्या मुलांना त्याच नावाने कळले पाहिजे. टेबलाखालचा हात ज्यांच्या मनात येतो, त्यांनी वरचे दोन्ही हात पाहावेत.

अण्णांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो. शंभरीतही बारीक अक्षर त्यांना चष्म्याशिवाय वाचता येवो, ही माझ्या डोळ्यांची त्यांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना आहे. सुमित्रावहिनींची सोबत त्यांना अखंड राहो.

राहिला प्रश्न मुखपृष्ठाचा. या ग्रंथाची मुद्रिते मी तपासते आणि छापखान्याला माझ्या सहीशिवाय पाने घेता येत नाहीत, हे समितीनेच ठरवले आहे. आतली सर्व पाने मी सही करून दिली आहेत. मुखपृष्ठ माझ्याकडे आहे. अण्णांच्या नावाखाली ‘क्लिअरिंग एजंट’ छापणार की नाही, याचे लेखी उत्तर, सचिवांच्या सहीनिशी, शनिवार, बावीस नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत माझ्या घरी पोचावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अंगठा उत्तर म्हणून धरला जाणार नाही.