सुपारी म्हणजे खाणं नव्हे

अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या एका छोट्या कंपनीत शरयू आणि यामिनी लाळेतलं युरिक ॲसिड मोजणारी पट्टी तयार करत होत्या. पट्टीवरच्या कार्बनच्या इलेक्ट्रोडला यामिनी लेप द्यायची आणि शरयू स्वतःच्या लाळेवर तो तपासायची. चाचणीआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम शरयूनेच घातला होता.

आकडे भलतेच चढे येऊ लागले. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शरयू म्हणाली, "यामिनीचा लेप कच्चा आहे." यामिनीने नवे लेप दिले. आकडे तसेच.

"सॉरी यार, माझाच हात बसत नाहीये," यामिनी म्हणाली.

समजूत घालायला शरयूने आवळा सुपारीची डबी पुढे केली. यामिनी थबकली.

"तू ही टेस्टच्या आधी खातेस?"

"खाते कुठे? तोंडात असते नुसती."

बोलता बोलताच शरयूचा चेहरा उतरला. आवळ्यातलं सी जीवनसत्त्व इलेक्ट्रोडवर युरिक ॲसिडसारखंच उमटतं, हे ती नव्या लोकांना शिकवायची. पण सुपारीला तिने जन्मात कधी खाणं मानलं नव्हतं.

तिने खळखळून चूळ भरली, तास जाऊ दिला आणि यामिनीच्या नापास ठरवलेल्या पट्ट्यांतलीच एक लावली. आकडा बरोबर आला.

"सोड ना, कुणाला कळलंय?" यामिनी हसून म्हणाली.

ते हसू शरयूला शिवीपेक्षा जास्त लागलं. ती तडक मीटिंगमध्ये गेली. "लेप कच्चा नव्हता," ती इंग्रजीत म्हणाली. माझं तोंड उष्टं होतं, हे सांगायला मात्र तिला इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी तिला सुपारीच्या डबीपासून सगळं सांगावं लागलं.