अस्तराचं उपरणं

“सरकार लहान असावं आन् रांग सरळ असावी, मास्तर.”

दुकानात पाऊल टाकताना आबा हे म्हणायचेच. मग बाकावरची चिंध्यांची पिशवी खाली ठेवून तिथं ताठ बसायचे.

मी कपडे शिवतो. सातवीत शाळा सोडली आणि पुसदकडून इंदापुरात येऊन पडलो. शिवणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात. पण आबांनी म्हटलं की आपल्याला खरंच काही येतं असं वाटायचं.

त्यांच्या पक्षाचं नाव आता कुणाला आठवत नाही. शेत ज्याचं त्याचं, माल ज्याचा त्याचा. सरकारनं कायदा सांभाळावा, चोर धरावेत आणि शेतकऱ्याच्या वजनकाट्यापासून लांब राहावं, असं तो पक्ष सांगायचा. तरुणपणी आबा प्रचाराला सायकलवर पार लोणी भापकरपर्यंत जात. पुढं तो पक्ष एका मोठ्या पक्षात विरघळला. बरोबरचे सगळे तिकडं गेले. आबा तेवढे उरले, गळ्यात त्या पक्षाचं जुनं उपरणं. दरवर्षी त्याची विरलेली कड माझ्याकडून दुमडून घ्यायचे.

“मशीन तुमचं, सुई तुमची,” ते म्हणायचे. “सरकारनं मधी बोट घालू नये. टोचंल.”

एकदा दुकानापुढच्या पत्र्याबद्दल नोटीस आली. सरकारी शिक्का पाहिला की मी घाबरतो. रातोरात गाव सोडावं असं वाटलं. आबांनी नोटीस दोनदा वाचली, स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आणि उन्हात माझ्यासोबत रांगेत उभे राहिले. मधे घुसणाऱ्या एका पुढाऱ्याला त्यांनी हात धरून मागं पाठवलं. आत साहेबापुढं माझ्या वतीनं बोलले तेही आबाच. पत्रा राहिला. आजही मी त्याच सावलीत बसतो.

गेल्या हंगामात त्यांच्या उसाला तुरे आले तरी त्या मोठ्या पक्षाच्या कारखान्याकडून तोड मिळेना. वजन घटत चाललं. मुलगा रोज म्हणायचा, आबा, एक दिवस त्यांच्या स्टेजवर उभं राहा, ऊसतोडीची टोळी आपोआप येईल. शेवटी पक्षप्रवेश ठरला. जेवढी नावं तेवढी नवी उपरणी, आणि शिवायला माझ्याकडंच.

आदल्या दिवशी आबा आले.

“माझं झालं का? माझ्या मापाचं?”

“उपरण्याला माप कुठं असतं, आबा?”

“तेच की. म्हणून कुणाच्याबी गळ्यात बसतं.”

मग त्यांनी गळ्यातलं काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. “ह्ये माझ्या नव्याला आतनं अस्तर लावा. उद्या मी घालूनच जाईन. म्हंजी स्टेजवर माझ्या गळ्यात दुसरं कोण घालायचं न्हाय.”

मी ते शिवलं. बाहेरून टाका दिसू दिला नाही. मशीनच्या कडेला वेगळं ठेवलं. सकाळी आबांच्या आधी कार्यकर्ते आले, गठ्ठा मोजला, एक कमी भरलं. त्यातल्या एकानं कडेचं उचललं आणि गठ्ठ्यात खुपसलं. ते आबांचं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी सुईत दोरा ओवत राहिलो. गाडी निघून गेली.

आबांना रिकाम्या गळ्यानं स्टेजवर जावं लागलं. त्यांच्या गळ्यात पडलं ते एकपदरी, हलकं.

संध्याकाळी ते दुकानात आले. पिशवी उचलली नाही, बसले नाहीत.

“तुमी त्यांना सांगितलं न्हाय?”

“भ्यालो, आबा.”

त्यांनी मशीनच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, “असू द्या. कुणाच्या तरी मानंला ऊब लागंल.”

चौथ्या दिवशी टोळी आली, ऊस गेला. आबा पुन्हा दुकानात आले नाहीत. उन्हाळ्यात गेल्याचं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

तशी उपरणी घातलेली माणसं तुम्हीही पाहत असाल, स्टँडवर, लग्नात, सभेत. एखाद्याच्या गळ्यात ते जरा जाड, जड बसलेलं दिसलं की मी चार पावलं त्याच्या मागं जातो. कड उलटून बघू द्या, एवढंच विचारायचं असतं.

अजून विचारता आलेलं नाही.