नेट का तुटत होतं, ते गच्चीवर कळलं

घरून काम करणाऱ्या समस्त सोलापूरकरांनो, हे वाचाच.

आज सकाळी साहेबांबरोबरच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये माझं नेट सारखं तुटत होतं. बोलायला तोंड उघडलं की स्क्रीनवर माझा पुतळा!

मीटिंग संपल्यावर चिडून कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये घुसले. तिथं स्पीड ‘ऑटो’वर होता. म्हटलं, सगळ्यात मोठा आकडाच निवडू की! एक गिगाबिट केलं. नेट पूर्णच गेलं.

मग मुकाट्यानं त्याच्या दहापट कमी, शंभर मेगाबिट केलं, तर लगेच सुरळीत चालू. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. वायरच कुठंतरी आतून दुखावलेली असणार, मोठा स्पीड तिला झेपत नव्हता.

आमचा राउटर खालच्या खोलीत आणि वायर गच्चीवरून माझ्या खोलीत येते. बघायला गेले, तर तिच्यावर ओली सोलापुरी चादर! चिमटे लावून. वायर झोळीसारखी लोंबत होती.

“आई, ही नेटची वायर आहे!”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “व्हय की. म्हणून तर हिच्यावर टाकते. तारेवर टाकली की गंजाचे डाग पडतात, हिचा एक डाग पडत न्हाय. लई चांगली वायर हाय बघ.”

तर मंडळी, तुमचं नेट तुटत असेल, तर सेटिंग उघडायच्या आधी गच्चीवर एक चक्कर मारा.

मी आता नवीन वायर आणायला निघालेय. सासूबाईंनी जिन्यातून ओरडून सांगितलंय, “जरा जाड बघून आण गं, दोन चादरी बसल्या पाहिजेत!”

अशी वायर कुठं मिळते, कुणाला माहितीय का?