कवितेची उलटतपासणी

नगरच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसणाऱ्यांत इंदू ही एकटीच बाई. नवऱ्याने टाकल्यावर ती टायपिंग शिकली आणि गेली बारा वर्षं दुसऱ्यांचे संसार मोडल्याचे अर्ज बडवत होती. त्या अर्जांत मारझोड असे, उपाशी ठेवणं असे, माहेरी धाडलेली पोरं असत. चंद्र कुठेच नसे.

चंद्र आणला प्राध्यापक राधाकृष्ण यांनी. ते कॉलेजात मराठी शिकवत आणि कविता करत. १९७१ साली त्यांनी इंदूला एकाच दिवशी दोन कामं दिली. एक वकिलाने लिहिलेला अर्ज: बायको पुष्पावती आपण होऊन घर सोडून गेली, तेव्हा विभक्त राहण्याचा हुकूम व्हावा. दुसरं, चाळीस विरहकविता. विझलेली समई, सुकलेली बकुळ, पानोपानी मावळता चंद्र. चाळीस कवितांत बाईला एक नाव नव्हतं, की कपभर चहा नव्हता.

कविता कशा वाटल्या, असं त्यांनी मान तिरकी करून विचारलं.

"जोडाक्षरं फार आहेत," इंदू म्हणाली.

महिन्याभराने तिसगावहून पुष्पावती आली. सोबत वडील सहादेव होते. अर्जाचं उत्तर टाइप करायचं होतं. इंदूने मजकूर वाचला आणि खरं काय झालं ते विचारलं.

"मी गेले न्हाई, बाई. त्यांनीच माझी पेटी एस्टी स्टँडवर नेऊन ठिवली. गावंढळ बायको चारचौघांत दाखवायची लाज वाटत हुती."

इंदूच्या बोटांना ती पेटी ओळखीची होती. चाळीसातल्या एका कवितेत कवीने स्वतःच दार लावलं होतं, पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली होती आणि मग चंद्राकडे बघत अश्रू ढाळले होते. पण गिऱ्हाइकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही, हा तिचा नेम. तिने उत्तर तेवढं टाइप करून दिलं. दिवाळीत तीच कविता एका अंकात छापून आली, तेव्हा तिने अंक विकत घेतला आणि पुष्पावतीच्या वकिलांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

उलटतपासणीच्या दिवशी इंदू मशीन झाकून कोर्टात मागे उभी राहिली. वकिलांनी कविता संथ आवाजात वाचली.

"हे दार तुम्हीच लावलंत?"

"ती कल्पना आहे," राधाकृष्ण म्हणाले.

"पेटीही कल्पनाच?"

"हो."

"आणि हे प्रेम?"

ते घुटमळले. मग म्हणाले, "कवितेत तसं लिहावं लागतं."

शपथेवर एवढं बोलून ते खाली उतरले. इंदूला त्यांचा राग आला नाही. पायरीवर सांडलेलं काहीतरी चुकवून जावं, तशी ती त्यांच्या बाजूने निघून गेली. पेटी स्टँडवर नेताना पाहिल्याचं गोरक्ष दूधवाल्याने सांगितलं आणि अर्ज फेटाळला गेला.

पुढच्या वर्षी त्यांचा संग्रह निघाला. ती कविता त्यात होती, फक्त आता दार तिने लावलं होतं. सत्कारही झाला.

पुष्पावती सासरी परतली नाही. तिसगावात शिवणाचा वर्ग चालवू लागली आणि त्र्याहत्तरमध्ये स्वतःचा अर्ज घेऊन इंदूकडे आली. नवऱ्यानेच टाकलं, म्हणून आता तिलाच वेगळं व्हायचं होतं. वकिलांच्या मसुद्यात 'अर्जदारास अतीव दुःख झाले' असं वाक्य होतं. पुष्पावतीने त्यावर बोट ठेवलं.

"हे काढा. दुःख न्हाई झालं. किळस आली."

इंदूने कागद सरळ केला आणि तसंच टाइप केलं.