सीनूदादाचा चौकोन

सीनूदादा गेल्याची बातमी मला सीनूदादाच्याच नंबरावरून आली. फोनवर त्याचं नाव उमटलं, हसरा फोटो उमटला आणि खाली दोनच शब्द... 'श्रीनिवास वारले.' क्षणभर वाटलं, हा माणूस स्वतःच कळवतोय. असली थट्टा तो करूही शकला असता. मग लक्षात आलं की मेसेज त्याच्या बायकोनं, पद्मावहिनीनं टाकलाय. घरात मोबाइल तेवढा एकच होता.

आमची ओळख 'बोल गड्या' या ग्रुपवरची. माढ्याचे एक शिक्षक तो चालवतात. रविवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस पुरुष व्हिडिओ कॉलवर जमतो आणि घरात, पारावर, कामावर जे बोलता येत नाही ते बोलतो. नियम एकच, कुणी कुणाला 'मर्दासारखा वाग' म्हणायचं नाही. मी पेपरात लिहिणारा, तिथं गेलो तो भाषण ठोकायलाच. माझे वडील युनियनचे. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर... 'आवाज उठवा', 'गर्जून उठा', 'बोला, नाहीतर मरा.' आमच्या घरात माणसाची किंमत त्याच्या आवाजावर ठरायची.

आणि त्या कॉलवर एका चौकोनातला माणूस नुसते ओठ हलवायचा. आवाज नाही. सर दर वेळी म्हणायचे, "श्रीनिवासराव, तुमचा माइक बंद आहे." तो मान डोलवायचा आणि तसाच बोलत राहायचा. खेडवळ माणूस, फोन जमत नसेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला मात्र अंगावर काटा आला, कारण मला ते ऐकू येत होतं. आमच्या अक्कलकोट रोडच्या कापड कारखान्यांत लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाले की शेजाऱ्याची हाकही पोचत नाही. म्हणून तिथली माणसं बिनआवाजाची बोलतात, ओठांवर. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन मी जायचो. एकदा वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले, आणि त्या शांततेत चाळीसएक माणसं तशीच ओठ हलवत राहिली... कुणालाच आवाज काढायचं सुचलं नाही. ते दृश्य मला अजून स्वप्नात येतं.

मी त्याला मेसेज केला, 'दादा, तुम्ही लूमवर का? मला तुमचं सगळं कळलं.' दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, 'चहाला ये. एकटा.'

एमआयडीसीच्या टपरीवर तो माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत बसला. मी तावातावानं काहीतरी सांगत होतो, तर म्हणाला, "ए पत्रक, हात तोंडाफुडनं काढ की. निम्मं भाषण हातातच राहिलं तुझं." त्या दिवसापासून माझं नाव पत्रक पडलं. त्यानं मला जे सांगितलं ते ग्रुपवर तो कधीपासून सांगतच होता. त्याला ऐकू येईनासं झालं होतं. स्वतःचा आवाजही नीट येत नसे, त्यामुळे आपण कुजबुजतोय की ओरडतोय हे कळायचं नाही. एका खोलीच्या घरात गुपित ओरडून सांगितलं गेलं तर? म्हणून बिनआवाजाचं.

"पोरगी धडा वाचून दावती रोज," तो म्हणाला. "पुस्तक धरती तोंडाफुडं. मला काय बी कळत न्हाय. मी आपला मान हलवतो. परवा म्हणली, पप्पा, त्यात राजा मेला की, तुमी हसलाव का?"

मी भडकलो. कानात कापूस का नाही घालत तुम्ही लोक? तो मोठ्यानं, फार मोठ्यानं हसला. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "मी नवा हुतो तवा घातला हुता. सगळी म्हणली, बाळंतीण झाली काय रं? काढून टाकला." ज्या गावात अंगावर, केसांत, डब्यातल्या भाकरीवर कापूस बसतो, तिथं तो कानात घालायला पुरुष लाजतात! मालकानं कानांसाठी काही दिलं नाही हा अन्याय आहेच, त्यावर मी अजून पत्रक काढीन. पण मालकाचं काम आमच्याच थट्टेनं सोपं केलं होतं, हे कुठल्याही पत्रकात मी वाचलं नव्हतं.

"बाहेर बोलायचं न्हाय हे," निघताना तो म्हणाला. "मालक काढंल. आन घरात कळलं तर... भैरा नवरा म्हणून बघंल ती माझ्याकडं." मी शब्द दिला.

पुढं काही आठवड्यांनी तो गेला तो असा... कारखान्याच्या फाटकात माल भरायला आलेला टेम्पो मागं येत होता. त्याचा भोंगा चालू होता, क्लीनर ओरडत होता. सीनूदादा पाठ करून उभा होता.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा बाहेर सतरंजीवर बसलेले पुरुष हेच बोलत होते. "एवढा भोंगा वाजतोय आन माणूस हलत न्हाय? प्यायला असणार." त्याचा थोरला भाऊ खाली मान घालून म्हणाला, "काय की बाबा. पण वाघ हुता. कधी कुणापाशी रडला न्हाय." ज्यानं दारूला कधी हात लावला नाही त्याला मेल्यावर दारुडा ठरवत होते, आणि ते खोटं आहे हे सांगायचं तर दिलेला शब्द मोडावा लागणार होता. आयुष्यभर 'बोला' शिकलेला मी, गप्प बसलो.

आदली रात्रभर मी कॉलची जुनी रेकॉर्डिंग बघितली होती. मेलेल्या माणसाचे ओठ हलत होते, मी वाचत होतो. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या पाठीमागं, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत पद्मावहिनी बसलेली. त्याला वाटायचं, तिला आपली पाठ तेवढी दिसते. पण तो बोलायला लागला की तिचे हात थांबायचे. ती मान वर करायची आणि थेट बघायची. माझ्याकडे. दर रविवारी. मी फोन पालथा घातला होता.

खोलीत शिरल्यावर ते कोडं सुटलं. ज्या स्टुलावर तो फोन ठेवायचा ते स्टूल कपाटाला लागून होतं, आणि कपाटाच्या दाराला उभा आरसा. ती माझ्याकडे बघत नव्हती. आरशात त्याचे ओठ बघत होती.

"वहिनी, तुम्हाला..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "माझा बाप लूमवाला, आजा लूमवाला. मी लहानपनी सुताच्या कांड्या भरायला जायची कारखान्यात. बोलाया आधी ओठ वाचाया शिकले मी. त्यास्नी एवढं कसं सुचलं न्हाय वो भाऊ?"

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी सांगावं म्हनून थांबले. फोनमधल्या परक्या मानसास्नी सांगितलं त्यांनी. मी हितं, हातभर मागं." तिनं बाहेर कान दिला. तिथं अजून दारूचंच चाललं होतं. "तुमी लिहिता न्हवं पेपरात? लिवा. दारूपरीस भैरा बरा."

म्हणून हे लिहितोय. श्रीनिवास प्यायलेला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं. आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला ते सांगायची लाज वाटायला लावली होती.

परवाच्या रविवारी कॉल सुरू झाला आणि सीनूदादाचं नाव असलेला चौकोन उजळला. फोन त्याच स्टुलावर होता. पुढं त्याची चटई, रिकामी. तिच्यामागं, नेहमीच्या जागी, पद्मावहिनी. सूप बाजूला ठेवलेलं. ती आरशात बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

थोड्या वेळानं सर हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचा माइक बंद आहे वाटतं."

"नाही सर," मी म्हणालो. "चालू आहे."

ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती...

'एकदा मागं वळा की वो.'