कोठीतलं मटण आणि सळईचं सोवळं

गव्हाची जुनी पत्र्याची कोठी रिकामी पडली होती आणि मोबाइलवर दाढीवाल्या परदेशी बाप्यांचे मटणाला धुरी देण्याचे व्हिडिओ पाहून माझं डोकं फिरलं होतं. एवढ्या भांडवलावर मी शहाद्याच्या घराच्या गच्चीवर विजेची धुरी-कोठी बांधायला घेतली.

खरं कारण नाना, म्हणजे माझे वडील. खापर गावाच्या वरच्या डोंगरात त्यांनी आश्रमशाळेत मास्तरकी केली. तिथे चुलीवर टांगून धुरावलेलं मटण त्यांनी खाल्लं आणि जन्मभर आम्हाला ऐकवलं. नाना जेवायला बसले की परीक्षकच. आईच्या हातचं काही त्यांनी नावं न ठेवता गिळलं नाही. पण गेल्या आजारपणात त्यांची चवच गेली. पुढ्यात काहीही ठेवा, “छान शे.” एकदा बायको वरणात मीठच घालायला विसरली, तरी वाटी संपवून म्हणाले, “छान शे.” त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून रडली. नानांनी एकदा तरी पुन्हा नावं ठेवावीत, एवढंच मला हवं होतं.

कोठीच्या तळाशी शेगडीची कॉइल बसवली, तिच्यावर तवा, तव्यात आंब्याच्या लाकडाचा भुसा. वर आकड्यांना टांगलेलं मटण. पण आमच्याकडची वीज म्हणजे लहरी जावई. शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की कॉइल मलूल, बंद झाल्या की लालबुंद. ताप सांभाळणारं यंत्र हवं होतं आणि ते घरात एकच होतं, बायकोच्या नानकटाईच्या भट्टीला लावलेलं. त्याची लांब वायरची, ताप मोजणारी सळई आत सोडायची. ठरवलेला ताप झाला की वीज तुटते, उतरला की जुळते.

बायको सारंगखेड्याच्या माळकरी घरातली. आमच्या घरात मटण बाहेर शिजतं, वेगळ्या भांड्यात, आणि शिजवतात पुरुष. तिने यंत्र दिलं, पण बजावून.

“मन्ही सळईले मटण लागाले नको, सांगी ठेवस.”

मी आज्ञाधारक नवरा. सळईला धुतलेल्या धोतराची फडकी गुंडाळली, मग सळई तुपाच्या रिकाम्या डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा कोठीत टांगला. ताप ठरवला एकशे दहा. सळई आत सोवळ्यात गारेगार बसून राहिली. यंत्र साठाच्या वर सरकेना आणि कॉइल काही केल्या बंद होईना. मी खुर्चीत बसून ‘अजून तापायचंय’ म्हणत चहा पीत होतो. चरबी तव्यावर गळून भडका उडाला, तेव्हा शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

मटणाचा कोळसा झाला होता. त्यातल्या त्यात बरा तुकडा नानांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ चघळला.

“छान शे,” ते म्हणाले.

कोळशाला छान! मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मटण आणलं, मीठ-मिरची लावली आणि सळईला फडकी गुंडाळायला घेतली. बायको गच्चीत आली. माझ्या हातातलं ते बोचकं बघून तिने कपाळावर हात मारला.

“इतली गुंडाळी, ते तिले गरमी कशी समजी?”

“तूच म्हणाली होतीस ना, मटण लागायला नको?”

तिने फडकी सोडली. क्षणभर सळईकडे पाहिलं, मग मान दुसरीकडे वळवून स्वतःच ती वरच्या तुकड्याजवळ टांगली. माझ्यावर जळजळीत नजर टाकत म्हणाली, “लागनी ते लागनी. मी नवी सळई लिसू.” आणि खाली जाऊन डोक्यावरून अंघोळ केली.

त्या दिवशी यंत्र टक्‌ करून तुटत होतं, टक्‌ करून जुळत होतं. मोटारी चालू होवोत की बंद, ताप एकशे दहाच्या आसपासच. संध्याकाळपर्यंत मटण तांबूस झालं, बोटाने सुटू लागलं.

नानांना गच्चीतच बसवलं. त्यांनी तुकडा आधी नाकाशी नेला. पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. कपाळाला आठी पडली.

“मीठ कमी शे,” ते म्हणाले. “कोणी टाकं?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात जिन्यात उभी असलेली बायको पुढे आली.

“मी टाकं, नाना,” ती म्हणाली.