‘बरं हाय’चं शून्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी, चंद्रपूरकडे, फोन लावतो, आई विचारते सगळं नीट आहे ना — तेव्हाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. आणि थकलोय हो. अशी गोष्ट छातीत धरून चालायचं म्हटलं तरी दम लागतो.

मी आठवीत शाळा सोडली. कोल्हापुरात आलो, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅकिंगला लागलो आणि भीमराव काकांच्या माडीवर राहू लागलो. काका त्याच फाउंड्रीत फेटलिंगला — म्हणजे ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या. दिवसभर धूळ. मला यायला उशीर झाला की काकू ताट झाकून ठेवायची. परक्या मुलुखात कुणी आपलं ताट झाकून ठेवतं म्हणजे काय, हे घर सोडलेल्यालाच कळतं.

मग एक डॉक्टर मॅडम कामगारांच्या श्वासाची पाहणी करायला आल्या. त्यांना प्रश्न विचारत फिरणारा माणूस हवा होता. काकांनीच माझं नाव पुढं केलं. “अक्षर चांगलं हाय, आणि खोटं बोलत न्हाय,” म्हणाले. हे वाक्य माझी पाठ सोडत नाही.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “आता चल समजून घेऊ,” आणि मी पिशवी उचलून उभा राहिलो. त्या पोट धरून हसल्या. “अरे बस! माणसागणिक जे बदलतं ना, त्याला चल म्हणतात.” वय, श्वास मोजायच्या मीटरमध्ये फुंकल्यावर येणारा आकडा — हे मोजायचे चल, यांची सरासरी निघते. खातं कुठलं, फेटलिंग, मोल्डिंग की पॅकिंग — ही नुसती नावं. नावांची कसली सरासरी? कुठल्या खात्यात किती माणसं, एवढंच मोजायचं. आणि तिसरे पायऱ्यांचे. दम कधी लागतो? शून्य म्हणजे लागतच नाही, एक म्हणजे जिन्यात, दोन म्हणजे सपाट रस्त्यावर, तीन म्हणजे बसल्या जागी. “पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात,” मॅडम म्हणाल्या, “म्हणून बेरीज करून भागायचं नाही. कुठल्या पायरीवर किती जण, आणि अगदी मधला माणूस कुठं उभा आहे, ते बघायचं.” मला हे इतकं आवडलं! शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर — जाऊ दे. आणखी एक सांगितलं होतं त्यांनी. नीट उत्तर मिळालं नाही तर जागा रिकामी सोड. रिकामं म्हणजे शून्य नव्हे.

पहिलं खातं फेटलिंग. मी विचारायचो, “दमाचा काही त्रास?” उत्तर यायचं, “बरं हाय की!” मी शून्य लिहायचो. आमच्याकडे दुखत असलं की माणूस आधी दुखणंच सांगतो. इथं ‘बरं हाय की’ हे उत्तर नसतं, नमस्कार असतो — मला कुठं माहीत? काकासुद्धा सगळ्यांदेखत म्हणाले, “बरं हाय की पावणं!” आणि डोळा मारला. त्यांनाही शून्य.

संध्याकाळी ते मला जेवायला बोलवायला माडीवर येत होते. निम्म्या जिन्यात थांबले. कठडा धरून. छातीतून शिट्टीसारखा आवाज.

“काका, सकाळी तर बरं हाय म्हणालात?”

“मग काय साऱ्या खात्यापुढं रडत बसू? त्रास हाय का म्हटल्यावर कोण सांगणार, लेका? जिना चढताना थांबायला लागतंय का, असं इचार. मग बघ कशी घडाघडा बोलत्यात.”

दुसऱ्या दिवसापासून मी तसंच विचारलं. मोल्डिंगला, पॅकिंगला. लोक बोलले — खरंच बोलले. पण फेटलिंगला मी परत गेलो नाही. का? परत जायचं तर मॅडमना सांगावं लागणार की पहिलं सगळं चुकलंय. त्या म्हणतील, आठवीत शाळा सोडलेल्याला घेतलं ही माझीच चूक. त्या तसं कधीच म्हणाल्या नसत्या. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

इथवर चूक होती. पुढचं चूक नाही.

मॅडमनी खाती आणि पायऱ्या समोरासमोर मांडल्या तर सगळं उलटंच. धूळ खाणारं फेटलिंग ठणठणीत आणि खोकी बांधणारं पॅकिंग दमलेलं. मीटरचे आकडे मात्र फेटलिंगचेच सगळ्यात कमी, म्हणजे श्वास त्यांचाच तोकडा. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “विलास, प्रश्न सगळ्यांना एकसारखाच विचारलास ना?”

“हो, मॅडम.”

एवढंच. त्यांनी परत विचारलं नाही — विश्वास होता ना! संशय गेला मीटरवर. फेटलिंगच्या वेळी नळी नीट बसली नसेल म्हणून ते आकडे बाजूला पडले, आणि मोठ्या तपासणीला कुणाला न्यायचं ते पायरीवरून ठरलं. शून्यवाल्यांना बोलावणं नाही. पॅकिंगची माणसं गाडीत बसून गेली तेव्हा काका गेटवर उभे राहून हात हलवत होते. “आमच्या पोरानं केलंय हे सगळं,” शेजारच्याला सांगत होते. मी तिथंच होतो.

काका ग्राइंडरवरच राहिले. फेटलिंगला ते काही एकटे नव्हते. पुढं सपाट रस्त्यावरही चालवेना तेव्हा त्यांना मी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हे काम आधीच सुटायला हवं होतं. आधी म्हणजे कधी? ते त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? काकू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. “तू हायस म्हणून धीर हाय बाबा,” म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवू शकलो.

मी अजून त्याच माडीवर राहतो. ताट अजून झाकलेलं असतं. काका जिना चढत नाहीत आता, दारात खुर्ची टाकून बसतात. कामावर निघताना मी विचारतो, “कसं काय, काका?”

“बरं हाय की.”

आणि मी निघतो. त्यांनी शिकवलेला प्रश्न मी किती जणांना विचारला. त्यांना कधीच नाही.